शेजारधर्म आणि विनापरवाना बांधकाम

शेजाऱ्यानें परवान्याशिवाय मजला चढविला, तर पालिकेस कळवावें कीं मुकाट्यानें पाहत राहावें, हा प्रश्न वरवर पाहतां दोन घरांच्या मधल्या भिंतीएवढा लहान दिसतो. परंतु आमच्या प्रत्येक शहराच्या प्रत्येक पेठेंत तो रोज उभा राहतो, आणि बहुतेक ठिकाणीं त्याला उत्तर एकच मिळतें: "आपल्याला काय करायचें आहे?" हें उत्तर देणारे लोक वाईट नसतात. ते घरपट्टी वेळेवर भरतात, दुकानांतलें माप चोख ठेवतात, आणि शेजारीं कार्य निघालें तर स्वतःचें काम टाकून राबतात. अशा सज्जनांच्या तोंडीं हें उत्तर कां येतें, तें कोठें योग्य आणि कोठें घातक, याचा थोडा विचार करण्याचें आज आम्ही योजिलें आहे.

प्रथम हें मान्य केलें पाहिजे कीं, सरकारदरबारीं जाऊन शेजाऱ्याचें नांव सांगण्याविषयीं महाराष्ट्राच्या मनांत जी शिसारी आहे ती निष्कारण नाहीं. १८९७ सालीं पुण्यांत प्लेगच्या निमित्तानें गोरे सोजीर लोकांच्या घरांत शिरले, देवघरांपासून माजघरांपर्यंत त्यांनीं सर्व कांहीं धुंडाळलें. त्या दिवसांत कोणाच्या घरीं रोगी आहे ही खबर पोंचविणारा मनुष्य लोकांना रोगापेक्षांही भयंकर वाटला असल्यास नवल नाहीं. त्याच वर्षीं २२ जून रोजीं रँडवर गोळी झाडली गेली, सरकारनें वीस हजार रुपयांचें बक्षीस लावलें, आणि पुढें खबर देणारे द्रविड बंधु १८९९ सालीं स्वतःच गोळीस बळी पडले. खबऱ्या म्हणजे घरभेद्या, हें समीकरण तेव्हांपासून आमच्या हाडींमांसीं खिळलें आहे. परक्याचा कायदा, परक्याचा अंमलदार आणि परक्याचा तुरुंग होता तोंवर या समीकरणांत स्वाभिमान होता. तेथें मौन हें दुबळ्या लोकांचें एक शस्त्रच होतें.

परंतु शत्रु गेला तरी त्याच्याविरुद्ध उपसलेलें शस्त्र आपल्याच घरांत फिरवीत राहणें हें शहाणपणाचें लक्षण नव्हे. मुंबई इलाख्यांतला १९१५ चा नगररचना कायदा हिंदुस्थानांतला या जातीचा पहिला कायदा, आणि तो परक्यांच्या अमलांत झाला हें खरें. पण आज आपल्या शहरांना लागू असलेला महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ सालचा आहे व तो आपण निवडून दिलेल्या विधिमंडळानें केलेला आहे. त्यांत दोष असतील, ते दाखविण्यास आम्ही कधीं मागें राहिलों नाहीं. पण दोष असलेला आपला कायदा आणि परक्यानें लादलेला कायदा यांत जो भेद आहे तो न ओळखणें म्हणजे स्वराज्याचा अर्थच न ओळखणें होय. कोणी म्हणेल, राष्ट्रानें कायदेभंगच तर शिकविला! होय, शिकविला. पण १९३० सालीं दांडीस ज्यांनीं मीठ उचललें त्यांनीं तें दिवसाढवळ्या, आगाऊ कळवून, सर्व जगाच्या देखत उचललें आणि शिक्षा भोगण्यास ते हंसतमुखानें पुढें झाले. कचेरीला जोडून सुटी आहे असें पाहून शनिवारीं रात्रीं स्लॅब ओतणारा आणि सोमवारीं इन्स्पेक्टरचा हात ओला करणारा गृहस्थ त्या परंपरेचा वारस खचित नव्हे.

आतां परवाना म्हणजे काय, हें पाहूं. पुष्कळांची समजूत अशी कीं परवाना म्हणजे पालिकेला कांहीं शुल्क देऊन मिळविलेला एक कागद. तो नसला तर पालिकेचें चार पैशांचें नुकसान, दुसऱ्याचें काय गेलें? ही समजूत चुकीची आहे. त्या कागदामागें हा हिशेब असतो कीं, जमीन किती भार सोसेल, पायाची खोली किती, जिना किती रुंद, आगीचा बंब गल्लींत शिरेल कीं नाहीं, शेजारच्या खिडकीला उजेड व वारा राहील कीं नाहीं, आणि जुन्या नळांवर व गटारांवर आणखी किती कुटुंबांचा बोजा पडेल. या सर्वांचा हिस्सा प्रत्येक रहिवाशाला ठरवून दिलेला असतो. एकानें आपल्या हिश्शापेक्षां अधिक उचललें म्हणजे तें दुसऱ्या कोणाच्या तरी हिश्शांतून जातें. आमच्या व्यापारी वाचकांस हें निराळें समजावून सांगण्याची गरज नाहीं. खोट्या वजनानें विकणारा दुकानदार गिऱ्हाइकाला तर लुबाडतोच, पण खऱ्या वजनानें विकणाऱ्या शेजारच्या दुकानदारालाही तो बुडवितो. परवाना काढून, जागा सोडून, खर्च सोसून घर बांधणाऱ्या माणसाला त्याचा शेजारी असाच मूर्ख ठरवीत असतो.

हा झाला हिश्शाचा प्रश्न. पण पुष्कळदां प्रश्न प्राणांचा असतो. ४ एप्रिल २०१३ रोजीं ठाण्याजवळ मुंब्र्यास शीळफाटा येथें, अवघ्या कांहीं महिन्यांत उठविलेली एक अनधिकृत इमारत कोसळली आणि ७४ माणसें मेलीं. वरचे मजले चढत असतांनाच खालच्या मजल्यांत बिऱ्हाडें राहावयास आलेलीं होतीं. पुढें बांधणाऱ्यांबरोबर पालिकेचे अधिकारी, पोलिस व एक नगरसेवकही पकडले गेले. २५ जुलै २०१७ रोजीं घाटकोपरांत एक जुनी चार मजली इमारत पडली, १७ जीव गेले. तळमजल्यावर चाललेल्या फेरफारामुळें ती पडली असा आरोप झाला. २०२५ सालच्या ऑगस्टांत विरार येथें आणखी एक अनधिकृत इमारत मध्यरात्रीच्या सुमारास कोसळली. तेथेंही १७ जण दगावले. या इमारती कांहीं भुयारांत बांधल्या गेल्या नव्हत्या. वाळूचे ट्रक रस्त्यावरूनच आले, सळ्या लोकांच्या देखतच उभ्या राहिल्या. पाहणारे शेंकडों होते. त्यांपैकीं बहुतेकांनीं "आपल्याला काय करायचें आहे" असेंच म्हटलें असेल. भीड ही भिकेची बहीण असें आपले वडील म्हणत. येथें तर ती मृत्यूची दाई ठरते.

तक्रार करण्याविरुद्ध जो सर्वांत वजनदार आक्षेप घेण्यांत येतो तो दयेचा आहे. "बिचाऱ्यानें दागिने मोडून, कर्ज काढून दोन खोल्या चढविल्या, आपण अर्ज केला तर त्या पाडतील, पोरेंबाळें उघड्यावर पडतील." हा आक्षेप आम्ही हंसण्यावारी नेत नाहीं. परंतु दया कोणत्या वेळीं दाखवावयाची याचा विचार या आक्षेपांत नाहीं. जोत्यापर्यंत बांधकाम आलें असतां केलेली तक्रार थोड्या विटांवर भागते. छप्पर पडल्यानंतर, बिऱ्हाडें भरल्यानंतर केलेली तक्रार संसार मोडते. नालासोपाऱ्यास डंपिंग व सांडपाणी प्रकल्पासाठीं राखून ठेवलेल्या जागेवर उठलेल्या ४१ इमारती हायकोर्टाच्या हुकुमान्वयें २०२५ च्या आरंभीं पाडण्यांत आल्या. सुमारें अडीच हजार कुटुंबें बेघर झालीं. ज्यांनीं जमीन लाटून इमारती बांधल्या ते पैसे घेऊन केव्हांच निघून गेले होते. ज्यांनीं आयुष्याची पुंजी घालून खोल्या घेतल्या ते तेवढे रस्त्यावर आले. हें गरिबांच्याच वांट्याला येतें असेंही नाहीं. वरळीच्या कॅम्पा कोला आवारांत मंजूर मजल्यांच्या कितीतरी वर मजले १९८० च्या दशकांत चढविले गेले. २०१३ सालीं सुप्रीम कोर्टानें ते बेकायदा ठरविले आणि २०१४ सालीं तेथल्या सुखवस्तु रहिवाशांचे वीज, पाणी व गॅस तोडण्याची पाळी आली. ही शिक्षा बांधणाऱ्याला झाली नाहीं. ती घेणाऱ्याला झाली. पाया खणला जात असतां जो शेजारी गप्प बसला, त्यानें या लोकांवर दया केली असें कोण म्हणेल?

शिवाय तक्रार म्हणजे तत्काळ हातोडा, हीही एक भ्रामक समजूत आहे. १९६६ च्या कायद्यानें नोटीस मिळालेल्या मालकाला, बांधकाम नियमांत बसत असेल तर तें कायम ठेवण्यासाठीं परवानगी मागण्याचा मार्ग मोकळा ठेवला आहे. सुप्रीम कोर्टानें १३ नोव्हेंबर २०२४ रोजीं घालून दिलेल्या नियमांप्रमाणें, रस्ता, पदपथ, रेल्वेमार्ग, जलाशय यांसारख्या सार्वजनिक जागांवरील अतिक्रमण किंवा कोर्टाच्याच हुकुमाचीं प्रकरणें सोडून, पंधरा दिवसांची नोटीस दिल्याशिवाय व म्हणणें ऐकून घेतल्याशिवाय कोणाचें घर पाडतां येत नाहीं. म्हणून तक्रार करणारा कांहीं फांशीचा दोर ओढीत नसतो. तो न्यायासनापुढें एक प्रश्न मांडतो. न्याय करणें हें पुढें पालिकेचें व कोर्टाचें काम आहे.

मग ऊठसूट सर्वांनीं अर्ज खरडीत सुटावें काय? मुळींच नाहीं. घरांतल्या घरांत केलेली डागडुजी किंवा बाहेरून इमारतीचें रूप फारसें न बदलणारी दुरुस्ती यांना कायद्यानेंच परवान्यांतून मोकळीक दिलेली आहे; पावसापुरतें घातलेलें पत्र्याचें छप्पर पाहून ज्याची झोंप उडते त्याला कायद्यापेक्षां औषधाची गरज अधिक. वीस वर्षें निर्वेध उपभोगिलेला उजेड व वारा नव्या भिंतीनें अडला, तर १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यान्वयें दिवाणी दावा लावतां येतो. तो खाजगी हक्काचा तंटा आहे, त्याला लोकहिताचा मुखवटा चढवूं नये. त्याहून निंद्य प्रकार असा कीं, शेजाऱ्याची जात, धर्म किंवा भाषा खुपते म्हणून त्याच्या बांधकामावर बोट ठेवावयाचें आणि त्याच रांगेंतल्या आपल्या भाऊबंदाच्या चार मजल्यांकडे डोळेझांक करावयाची. हा कायद्याचा अभिमान नव्हे, कायद्याच्या आडून काढलेला सूड आहे. आणि ज्यांनीं माहितीच्या अर्जांचा धंदा मांडला आहे, सकाळीं अर्ज करून संध्याकाळीं तो मागें घेण्याची किंमत ठरवितात, त्यांच्यांत व लांचखाऊ अंमलदारांत फरक एवढाच कीं अंमलदाराला निदान नोकरी जाण्याचें भय असतें. अशा लोकांमुळेंच प्रामाणिक तक्रारीलाही चहाडीचा वास येऊं लागला आहे.

म्हणून आमचें मत असें आहे. ज्या बांधकामानें दुसऱ्याच्या जिवाला धोका पोंचतो, वाटेचा, पाण्याचा, गटाराचा किंवा मोकळ्या मैदानाचा सार्वजनिक हिस्सा गिळला जातो, अथवा नियमबाह्य घर निरपराध गिऱ्हाइकाच्या गळ्यांत बांधलें जातें, तेथें तक्रार करणें हें प्रत्येक जाणत्या रहिवाशाचें कर्तव्य आहे. जेथें यांपैकीं कांहीं नाहीं, केवळ आपली गैरसोय किंवा आपला रुसवा आहे, तेथें शेजाऱ्याशीं बोलावें, चार वडील माणसें मध्यें घालावीं, आणि तेवढ्यावर भागवावें.

आणि कर्तव्य म्हणून करावयाची तक्रारही मर्दासारखी करावी. प्रथम शेजाऱ्याच्या दारांत जावें व त्याला तोंडावर विचारावें: "काका, मंजूर नकाशा आहे ना? असला तर आमची खात्री करून द्या." कित्येकदां तो असतोच आणि मनांतली अढी तेथेंच निघून जाते. कित्येकदां अर्ज केलेला असतो व पालिका झोंपलेली असते; साठ दिवसांत निर्णय कळविला नाहीं तर नियमांत बसणाऱ्या बांधकामास परवानगी मिळाली असें कायदा समजतो, हें सामान्य लोकांना ठाऊकही नसतें. उत्तर उडवाउडवीचें मिळालें, तर २००५ च्या माहितीच्या अधिकाराखालीं दहा रुपये भरून मंजूर नकाशाची नक्कल मागावी. पालिकेनें तीस दिवसांत उत्तर द्यावयाचें असतें. पण स्लॅबची तयारी डोळ्यांपुढें दिसत असेल तर त्या उत्तराची वाट पाहत बसूं नये. लेखी अर्ज द्यावा, त्यांत जें डोळ्यांनीं पाहिलें तेंच लिहावें, तर्क लिहूं नये, आणि पोंच घेतल्याशिवाय कचेरी सोडूं नये. शेजाऱ्यालाही सांगावें कीं, "मीं अर्ज केला आहे." तोंडावर सांगून आणि खालीं सही करून दिलेल्या अर्जाला चहाडी कोणी म्हणूं शकत नाहीं, चहाडीला सही नसते.

येथें एक भय मात्र खरें आहे. जेथें बांधणारा शेजारचा गृहस्थ नसून जमिनींचा दलाल व गुंड यांची टोळी असते, तेथें एकट्यानें सही करणें हें जिवावरचें काम होतें. तळेगांवांत जमिनींचे गैरव्यवहार उजेडांत आणणारे सतीश शेट्टी यांची १३ जानेवारी २०१० रोजीं हत्या झाली, हें कोणी विसरलें नसेल. अशा ठिकाणीं आम्ही कोणाला एकट्यानें वीर होण्याचा उपदेश करणार नाहीं. एकाच्या सहीला धमकी देतां येते, पन्नासांच्या सहीला देतां येत नाहीं. गल्लींतले रहिवासी, सोसायट्या, व्यापाऱ्यांचे संघ यांनीं एकत्र अर्ज करावे. नोएडा येथें एमरल्ड कोर्ट वसाहतीच्या रहिवाशांनीं हेंच केलें. त्यांच्या अंगणांत दोन अजस्र मनोरे उठूं लागले. नकाशा मागितला असतां प्राधिकरणानें तो बिल्डरच्या संमतीवर टांगून ठेवला. रहिवासी २०१२ सालीं अलाहाबाद हायकोर्टांत गेले, २०१४ सालीं जिंकले, ३१ ऑगस्ट २०२१ रोजीं सुप्रीम कोर्टानें तो निकाल कायम केला, आणि २८ ऑगस्ट २०२२ रोजीं ते मनोरे स्फोटकांनीं जमीनदोस्त झाले. सामान्य गृहस्थांची वर्गणी आणि चिकाटी बड्या धेंडांना पुरून उरली. पण दहा वर्षें लागलीं, हेंही लक्षांत ठेवावें.

दहा वर्षें लागतात याचा दोष मात्र नागरिकांच्या माथीं मारतां येणार नाहीं. विनापरवाना विकासाबद्दल १९६६ च्या कायद्यांत तुरुंगाची शिक्षा आहे खरी, पण दंड पाहिला तर दोन हजारांपासून पांच हजारांपर्यंत! ज्या धंद्यांत लाखांचा नफा त्याला पांच हजारांचा दंड म्हणजे शिक्षा नव्हे, जकात होय. त्यावर दर कांहीं वर्षांनीं सरकारची क्षमायाचना ठरलेली: गुंठेवारीचा कायदा २००१ सालीं झाला व २०२१ सालीं त्याची मुदत २०२० अखेरपर्यंत ओढण्यांत आली, उल्हासनगरासाठीं २००६ सालीं स्वतंत्र कायदा केला, २०१७ सालीं २०१५ अखेरपर्यंतचीं बांधकामें दंड घेऊन नियमित करण्याची तरतूद केली. पिंपरी-चिंचवडांत अनधिकृत घरांवरील शास्ती वर्षानुवर्षें थकली आणि २०२३ सालीं सरकारनें ती माफ केली. गरिबाचें राहतें घर वांचावें ही इच्छा योग्यच. पण प्रत्येक माफी पुढच्या गुन्हेगाराला आमंत्रण देते आणि नियमानें वागणाऱ्याच्या तोंडांत मारते. सुप्रीम कोर्टानें १७ डिसेंबर २०२४ च्या निकालांत स्पष्टच सांगितलें आहे कीं, अधिकाऱ्यांची दिरंगाई, लोटलेला काळ किंवा गुंतलेला पैसा यांमुळें बेकायदा बांधकाम कायदेशीर होत नाहीं. घरपट्टीची पावती दाखवून "आमचें घर कायदेशीर आहे" असें समजणाऱ्या खरेदीदारांनींही हें ध्यानीं धरावें. पालिका कर घेते, त्यानें बांधकामाचा दोष धुतला जात नाहीं.

तेव्हां पालिकांकडे आमचें मागणें थोडक्यांत असें आहे. प्रत्येक मंजूर नकाशा वॉर्ड कचेरींत कोणालाही फुकट पाहावयास मिळावा, म्हणजे शेजाऱ्याला संशयावर राहावें लागणार नाहीं. तक्रारीवर काय केलें तें ठराविक मुदतींत अर्जदारास लेखी कळवावें. न कळविणाऱ्या अधिकाऱ्याच्या पगाराला कात्री लागावी. जिवाला धोका असलेल्या अर्जदाराचें नांव बांधणाऱ्याच्या कानीं पोंचविणाऱ्या नोकराला घरीं बसवावें. आणि सर्वांत महत्त्वाचें, लहान घराचा परवाना झटपट व स्वस्त मिळावा. खेटे घालून चपला झिजल्यावर जो मनुष्य वैतागून परवान्याशिवाय विटा आणतो, त्याच्या गुन्ह्यांत कचेरीचाही वांटा असतो. नगरसेवकानें अथवा त्याच्या घरच्यांनीं अनधिकृत बांधकाम केलें तर त्याचें पद जावें असा कायदा आहेच. मतदारांनीं मत देण्यापूर्वीं उमेदवाराच्या घराचे मजले एकदां मोजावे, इतकेंच आमचें सांगणें.

शेजारधर्म ही आपल्या लोकांनीं जपलेली मोठी संपत्ति आहे आणि ती नष्ट व्हावी असें आम्हांस कधींही वाटणार नाहीं. पण शेजारी म्हणजे केवळ भिंतीपलीकडचा मालक नव्हे. त्याच्या नव्या मजल्यावर उद्यां भाड्यानें येणारें बिऱ्हाड, त्याच्या कच्च्या खांबाखालून रोज शाळेंत जाणारीं मुलें, गल्लीच्या टोंकाशीं ज्याचा नळ कोरडा पडला तो कामकरी, हेही आपले शेजारीच. यांतल्या एकाची भीड राखण्यासाठीं बाकीच्यांचा बळी देणें याला शेजारधर्म म्हणतां येत नाहीं. आज रात्रीं आपल्या गल्लींत कोठें विनापरवाना पाया खणला जात असेल, तर उद्यां सकाळीं प्रथम त्या घरीं जावें, आणि तेथें समाधान न झालें तर तेथून थेट वॉर्ड कचेरीची वाट धरावी.